रिकामा डबा घाट चढत नाही

समुद्रातून आठवडेच्या आठवडे प्रवास करूनही हिरवंगार राहणारं केळं साधा घाट उतरताना पिवळं का पडतं?

कोडं सोपं वाटतं ना? चारुता भंगाळेलाही सोपंच वाटलं होतं. अकरा वर्षांच्या माणसाला सगळीच कोडी सोपी वाटतात. ती अवघड व्हायला लागतात मोठं झाल्यावर, आणि मग ती सोडवायला पुन्हा एखादं अकरा वर्षांचं माणूस शोधावं लागतं.

चारुताचं गाव पिंपळथडी. तापीच्या काठी, खानदेशात. गावाच्या चारी बाजूंना केळीच्या बागा, इतक्या दाट की आत शिरलं की भर दुपारी सावली. चारुताची आई, ज्योत्स्नाताई, गावातल्या केळी पिकवणाऱ्या बायकांच्या गटाची प्रमुख होती. समुद्रापलीकडच्या एका शहरात केळी पाठवायची, हे त्या गटानं मनावर घेतलं होतं. पण दोनदा पाठवली आणि दोन्ही वेळा ती समुद्रकाठच्या दर्याळी बंदरातूनच परत फिरवली गेली.

त्या सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पडद्यावर बंदरातून चित्र आलं. उघडलेली खोकी, आणि खोक्यांत पिवळीधमक केळी. खायला उत्तम, पण जहाजात चढवायला निरुपयोगी, कारण पलीकडे पोचेपर्यंत त्यांचं शिकरणच झालं असतं. खाली व्यापाऱ्याचा निरोप होता. पुढच्या जहाजाला हिरवी केळी आली तर ठीक, नाहीतर तो दुसऱ्या देशातून घेणार होता.

आईनं पडदा बंद केला आणि कणीक अशी काही तिंबायला घेतली की परात कुरकुरायला लागली.

"आपली केळी वाईट नही व चारू," ती म्हणाली. "वाट वाईट आहे."

"पण आई, जहाजात तर ती कितीतरी दिवस असतात. तिथं पिकत नाहीत. मग घाटातच का पिकतात?"

"मले काय मालूम! तुह्या आप्पाले विचार. गावात एवढं मोठं बंदर बांधून ठेवलं त्यायनं, अन् पोरीच्या केळीले त्यात जागा नही!" आईनं हात धुतले आणि फळीवरून एक पांढरा डबा काढला. डब्यावर पिस्ता आईस्क्रीमचं झकास चित्र होतं. "अन् जातेस तं हे बी घेऊन जाय आप्पासाठी. सांडू नको."

चारुताचे डोळे लकाकले. डबा छातीशी धरून ती सुसाट निघाली, आईस्क्रीम वितळू नये म्हणून सावलीसावलीनं. हुशार वाचकांना इथं शंका आली असेल. चारुताला आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, खानदेशात बंदर कुठून आलं? समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर, मध्ये सह्याद्री आडवा. पण पिंपळथडीला बंदर होतं, आणि ते चारुताच्या आप्पांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, उभं केलं होतं. डॉ. प्रल्हाद वारके हे वाहतूक-शास्त्रज्ञ. माल कुठून निघतो, कुठं अडतो आणि कुठं पोचतो, याचा अभ्यास त्यांनी जन्मभर केला. गावातले लोक गमतीनं म्हणत, "आप्पा, सगळं बांधलं, पाणी तेवढं इसरले!"

फाटकातून आत शिरलं की खरोखरच बंदरात आल्यासारखं वाटे. निळे, लाल, हिरवे कंटेनर एकावर एक रचलेले. पिवळ्या क्रेन रुळांवरून सरकताहेत, वरून पंजा सोडून घराएवढा डबा अलगद उचलताहेत आणि शेजारी उभ्या मालगाडीवर ठेवताहेत. कुठं आरडाओरडा नाही, कुठं आदळआपट नाही. कोण कुणाला सांगतंय हे कळत नाही आणि तरी प्रत्येक डबा आपल्या जागी जाऊन बसतो. चारुता तिथं शंभरदा आली असेल, पण दर वेळी ती फाटकाशी थबकायची आणि तोंड उघडं टाकून बघत राहायची. अशा ठिकाणी थबकावंच.

"चारुताताई, तोंड मिटा. माशी जाईल," मागून आवाज आला.

हा मुकादम. तीन चाकं, लांब मान आणि डोक्यावर नारिंगी टोपी असलेला यंत्रमानव. क्रेननी काय उचलायचं, गाडीनं कधी निघायचं, कुठला डबा कुणाला द्यायचा, हे सगळं ठरवणारा मेंदू म्हणजे मुकादम. तो कधी थकत नसे, चिडत नसे, आणि सगळ्यांना ताई-दादा म्हणत असे.

"मुकादम, आप्पा कुठंयत?"

"टेबलापाशी. चिंतेत आहेत. मी त्यांना चिंता करू नका असं तीनदा सांगितलं, उपयोग झाला नाही."

आप्पा खरंच टेबलावर ओणवे होऊन बसले होते. टेबल म्हणजे एक भलामोठा काचेचा नकाशा. एका कडेला निळा समुद्र आणि दर्याळी बंदर, मध्ये सह्याद्रीची रांग, आणि अलीकडे खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा. नकाशावर बारीक ठिपके चालत होते. भरलेले डबे हिरवे, रिकामे डबे राखाडी.

चारुतानं आईस्क्रीमचा डबा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि धापा टाकत कोडं विचारलं.

आप्पांचा चेहरा थोडा उजळला. प्रश्न दिसला की शास्त्रज्ञाला बरं वाटतं, मग घरात कितीही काळजी असो.

"केळ्याला श्वास असतो, चारू. झाडावरून काढलं तरी ते श्वास घेतं, आणि गरम हवेत जास्तच जोरात घेतं. पिकायला लागलं की त्यातून इथिलीन (फळ पिकवणारा, डोळ्यांना न दिसणारा वायू) बाहेर पडतो. एक केळं पिकलं की त्याचा इथिलीन शेजारच्याला लागतो, शेजारच्याचा त्याच्या शेजारच्याला."

"म्हणजे वर्गात एकाला जांभई आली की सगळ्यांना येते, तसं?"

"अगदी तसं. म्हणून जहाजात केळी रीफरमध्ये ठेवतात. रीफर (अंगावरच थंडीचं यंत्र असलेला कंटेनर) आतली हवा थंड ठेवतो आणि ताजी खेळवतो. फार थंडही नाही, नाहीतर सालं काळी पडतात. बेताच्या गारव्यात केळी झोपल्यासारखी होतात. पण हा थंड डबा आपल्याला मिळतो कुठं? थेट बंदरात. तोवर केळी साध्या ट्रकमध्ये. उन्हात तापायचं, घाटात रांगेत उभं राहायचं, बंदराच्या फाटकाशी पुन्हा रांग. समुद्र मोठा असला तरी तिथं केळ्यांना अंथरूण मिळतं. घाट लहान, पण तिथं त्यांना जागरण होतं."

कोड्याचं उत्तर मिळालं होतं. पण चारुताला आनंद झाला नाही, कारण उत्तराच्या पोटात दुसरा प्रश्न होता.

"मग थंड डबा इथंच का नाही आणत? तुमचं बंदर आहे ना!"

आप्पांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं मान खाली केली.

"आधी हे बघ," आप्पा म्हणाले आणि त्यांनी नकाशा मागच्या काळात नेला. "हे बंदर नव्हतं तेव्हाचं चित्र. दर्याळी बंदराच्या पाठीशी हा सगळा मुलूख आहे. याला बंदराचा पृष्ठप्रदेश (ज्या भागातला माल त्या बंदरातून जातो आणि येतो, तो भाग) म्हणतात. बंदर कितीही मोठं बांध, मागची वाट अरुंद असेल तर ते तुंबतं. रांजण मोठा आणि तोटी बारीक, असं होतं."

नकाशावर ठिपके चालायला लागले. एक हिरवा ठिपका घाट चढून खानदेशात आला, एका कारखान्याशी थांबला, राखाडी झाला आणि राखाडीच परत घाट उतरायला लागला.

"हा डबा परदेशातून यंत्रं घेऊन आला. यंत्रं उतरली. डबा कुणाचा? जहाज कंपनीचा. तो तिला परत करायचा तर कुठं? बंदरात. म्हणून रिकामा डबा घाट उतरला. आता इकडे बघ."

दुसरा राखाडी ठिपका बंदरातून निघून घाट चढत होता.

"हा कापसाच्या गिरणीकडे चाललाय. गिरणीला गाठी परदेशी पाठवायच्यात, म्हणून तिनं बंदरातून रिकामा डबा मागवला. गिरणी आणि तो कारखाना एकमेकांच्या शेजारी!"

चारुता हसायलाच लागली. "म्हणजे एक रिकामा डबा खाली चाललाय आणि दुसरा रिकामा वर येतोय?"

"आणि दोघांचे ड्रायव्हर घाटातल्या टपरीवर एकाच बाकावर बसून चहा पिताहेत. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. रस्ते भरलेले, आणि कशानं? तर रिकामेपणानं! मी पुष्कळ गणितं मांडली, पण वाट सापडली ती तुझ्या पणजीमुळे. मी लहान असताना शेजारणीनं डबाभर लोणचं दिलं. मी तो डबा धुऊन परत द्यायला निघालो, तर आईनं मागं ओढलं. म्हणाली, रिकामा डबा परत करायचा नसतो रे, चिमूटभर साखर तरी घाल."

ही रीत चारुताला माहीत होती. घरोघरी असतेच की ती. शेजारची वाटी येताना भाजी घेऊन येते आणि जाताना चटणी घेऊन जाते.

"तेव्हा मनात आलं," आप्पा म्हणाले, "डबा रिकामा परत जाऊ नये यासाठी काय हवं? जिथं तो रिकामा होतो तिथंच तो परत घेणारं आणि लगेच दुसऱ्याला देणारं कुणीतरी हवं. तेच हे कोरडं बंदर (समुद्रापासून दूर, पण बंदराची सगळी कामं करणारं ठाणं). कारखाना इथं डबा परत देतो. गिरणी इथूनच उचलते. कस्टम्स (परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची सरकारी तपासणी) इथंच होते, सील इथंच लागतं. मग सगळे डबे एका मालगाडीवर चढतात आणि गाडी थेट जहाजाच्या पोटाशी जाते. शेकडो ट्रकांच्या जागी एक गाडी. फाटकाशी रांग नाही."

त्यांनी नकाशा आजच्या दिवसावर आणला. हिरव्या ठिपक्यांची जाड दोरी समुद्रापासून पिंपळथडीपर्यंत आली होती आणि हिरवीच परत जात होती. राखाडी ठिपके अगदी तुरळक. चारुता बघतच राहिली. एवढा मोठा मुलूख, एवढा मोठा समुद्र, आणि आपल्या आप्पांनी त्यांची गाठ एका डब्याच्या रीतीवर मारली होती. तिला आजोबांचा फार अभिमान वाटला.

"मग आईची केळी?" तिनं हळूच विचारलं.

"तिथंच घोडं पेंड खातंय. मुकादम, तूच सांग."

मुकादम घसा खाकरल्यासारखा आवाज करून बोलू लागला. त्याला घसा नव्हता, पण शिष्टाचार ठाऊक होता. "चारुताताई, थंड डबा इथं यायचा तर तो भरून यायला हवा. पण खानदेशात परदेशातून थंड माल येत नाही. मासे नाहीत, बर्फात ठेवायची औषधं नाहीत. म्हणजे थंड डबा रिकामाच घाट चढणार. त्यानं गाडीतली जागा अडवली की कुणाचा तरी भरलेला डबा बंदरात मागे राहणार. हे मी कसं करू? रिकामा डबा घाट चढत नाही, हा तर आप्पांनी शिकवलेला पहिला नियम आहे."

"आणि नियम बरोबर आहे," आप्पा म्हणाले, पण कुरकुरतच. "मी माझ्या पोरीच्या मालासाठी तो मोडला, तर उद्या प्रत्येकासाठी मोडावा लागेल. ज्योत्स्ना रागावली आहे ते मला माहीत आहे."

चारुताच्या डोळ्यांत पाणी आलं. दर्याळी बंदरात थंड डबे रिकामे उभे होते. पिंपळथडीत केळी डब्याविना उभी होती. आणि मध्ये काय, तर एक शहाणा नियम! वेडा नियम असता तर भांडता तरी आलं असतं.

दुःखावर थोडं आईस्क्रीम बरं, असा विचार करून तिनं कोपऱ्यावरचा डबा ओढला आणि झाकण उघडलं.

आत कुरडया होत्या. पांढऱ्या, वाळलेल्या, काठोकाठ.

"हात्तिच्या!" चारुता किंचाळली. "कुरडया! मी एवढी उन्हातून पळत आले!"

आप्पा पोट धरून हसायला लागले. मुकादमानं लांब मान डब्यात घातली. "डब्यावर पिस्ता आईस्क्रीम. आत कुरडया. चिठ्ठी चुकीची लागली आहे."

"चुकीची नाही रे बाबा," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "घरोघरी असंच असतं. आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम एकदाच असतं. नंतर जन्मभर कुरडया, पापड, नाहीतर सुया-दोरे."

"मग काय तर!" चारुता फणकारली. "आईस्क्रीम संपलं म्हणून डब्यानं काय फ्रीजमध्येच बसून राहायचं? थंड नसलेलं पण काहीतरी ठेवायचंच की त्यात..."

आणि ती मध्येच थांबली. तोंड उघडं, कुरडईचा तुकडा हातात.

"मुकादम," ती हळूच म्हणाली, "थंड डब्याचं यंत्र बंद करता येतं?"

"येतं."

"बंद केलं की तो काय असतो?"

मुकादम थांबला. एरवी तो कधीच थांबत नसे. बाहेर एक क्रेनही हवेत पंजा धरून क्षणभर थबकली.

"डबा," मुकादम म्हणाला. "साधा डबा."

"मग येताना यंत्र बंद ठेवून त्यात साधा माल भरून आणायचा, आणि जाताना यंत्र सुरू करून आईची केळी न्यायची! तो रिकामा कुठं राहिला?"

"मला हे कुणी विचारलं नव्हतं," मुकादम म्हणाला.

"तू स्वतःला का नाही विचारलंस?"

"माझ्या मेंदूत थंड डब्यांची खोली वेगळी आहे आणि कोरड्या मालाची वेगळी. दोन्ही खोल्या मी रोज झाडतो. मध्ये दार नाही."

"खोल्या मीच बांधल्या," आप्पा कपाळावर हात मारून म्हणाले, "आणि दार ठेवायचं विसरलो! लोक म्हणतात मी पाणी विसरलो. अरे, दार विसरलो, दार!" ते उठून टेबलाभोवती गरगर फिरायला लागले. "आता कुणी नाचू नका. आधी अडचणी बघू."

नाचत फक्त तेच होते. पण अडचणी त्यांनी एकेक करून खरोखरच काढल्या, आणि हे चारुताला फार आवडलं. कल्पना सुचली की संपलं असं तिला वाटलं होतं. आप्पांचं काम तिथून सुरू होत होतं.

"वास," आप्पा म्हणाले. "खत, मिरची, कातडी चालणार नाहीत. केळं वास धरतं."

"धूळ," मुकादम म्हणाला. "थंड डब्याच्या जमिनीला हवा खेळण्यासाठी पन्हळी असतात. सिमेंट सांडलं तर त्या बुजतील."

"आणि जड यंत्रंही नकोत, पन्हळी चेपतील. मग काय उरलं? पोत्यांत बांधलेलं, स्वच्छ, बिनवासाचं... मुकादम, आपल्याकडे असं काय येतं?"

"प्लास्टिकचे दाणे. ठिबकच्या नळ्या करणाऱ्या कारखान्याचे. दर्याळीच्या गोदामात पोती आलेली आहेत, साध्या डब्यांची वाट बघत."

चारुतानं टाळीच वाजवली. ठिबकच्या नळ्या म्हणजे केळीच्या बुंध्याशी थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या काळ्या नळ्या. त्यांच्याच बागेत त्या होत्या. म्हणजे ज्या डब्यातून नळ्यांचे दाणे येणार, त्याच डब्यातून त्या नळ्यांच्या पाण्यावर वाढलेली केळी जाणार!

मुकादमानं लगेच दर्याळी बंदराच्या यंत्रमेंदूला, म्हणजे सारंगला, हाक दिली. सारंगचा स्वभाव मोकळा होता. तो म्हणाला की थंड डबे बंदरात नुसते ऊन खात पडले आहेत, जहाज कंपनी तर ते घेऊन जा म्हणून मागे लागली आहे, आणि ही युक्ती तुम्हाला सुचली कशी? मुकादमानं प्रामाणिकपणे सांगितलं, "कुरडयांमुळे." सारंगला त्याचा अर्थ बराच वेळ कळलाच नाही.

गाडी आली ती भल्या सकाळी. रुळांवर पांढरे डबे उन्हात चमकत होते. आईच्या गटातल्या बायका आदल्या दिवसापासून कामाला लागल्या होत्या. हिरवे घड उतरवून, फण्या करून, धुऊन, खोक्यांत भरून त्या सावलीत तयार होत्या. क्रेननी डबे उतरवले, कारखान्याची माणसं पोती घेऊन गेली, मग डबे धुतले गेले. शेवटी मुकादम आला आणि त्यानं आपलं नाक बाहेर काढलं. नाक म्हणजे एक बारीक नळी, माणसाला न कळणारा वासही हुंगणारी.

पहिले दोन डबे पास झाले. तिसऱ्याशी मुकादम थांबला.

"हा नापास. प्लास्टिकचा वास आहे. थोडाच, पण आहे."

"काय म्हनतं हा?" आई पुढे आली. "गाडी निघायची येळ झाली ना! आता माह्या खोक्याय्‌ले कुठी ठेवू?"

"ताई, मी खोटं पास करू शकत नाही. केळ्यांनी वास धरला तर पलीकडचा व्यापारी पुन्हा परत फिरवेल."

चारुतानं हातातलं खोकं खाली ठेवलं. इतकं सगळं जमवून शेवटी नाकाशीच अडणार होतं का? तिनं आईकडे पाहिलं. आईनं क्षणभर डब्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि वळून म्हणाली, "चला व बायांनो. डबा घासता येत नही काय आपल्याले?"

मग जे झालं ते पाहायला सगळं बंदर गोळा झालं. बादल्या आल्या, शेजारच्या बागेतून टोपलीभर लिंबं आली, आणि त्या बायकांनी घराएवढा डबा आतून असा लख्ख घासला की जणू दिवाळीचं तांबं-पितळ काढलंय. चारुतानं पन्हळी घासल्या, पार ढोपरावर रांगत. आप्पा लिंबं कापून देत होते आणि आईशी अवघडून बोलत होते. आई आधी उत्तर देत नव्हती. मग म्हणाली, "आप्पा, फोडी बारीक झाल्या. मोठ्या करा," आणि त्यांच्यातलं भांडण तिथंच मिटलं.

मुकादमानं पुन्हा नाक घातलं. सगळे श्वास रोखून उभे.

"प्लास्टिक नाही," तो म्हणाला. "लिंबाचा वास आहे. केळ्यांना लिंबू चालतं का, हे तपासतो." तो थांबला. "वारं खेळवलं की जाईल. पास!"

दारं उघडी टाकून वारं खेळवलं, लिंबाचा वासही गेला, आणि थंडीचं यंत्र घुमायला लागलं. आत गारवा बेताचा झाला तशी खोकी चढली, दारं मिटली, सील लागलं. गाडीच्याच विजेवर सगळी यंत्रं चालू होती, म्हणजे आता केळ्यांना वाटेत जागरण नव्हतं. गाडी हलली आणि पांढरे डबे केळीच्या बागांमधून घाटाच्या दिशेनं निघाले. आई फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली.

त्यानंतरचे दिवस घरात कुणी केळं हा शब्दही काढला नाही. बोललं की पिकेल असं सगळ्यांना वाटत होतं.

मग एका सकाळी भिंतीवरच्या पडद्यावर चित्र आलं. समुद्रापलीकडचं शहर, उघडलेलं खोकं, आणि त्यात केळी. हिरवीगार! जणू आत्ताच झाडावरून काढलेली. खाली व्यापाऱ्यानं लिहिलं होतं की पुढच्या प्रत्येक जहाजाला त्याला हीच केळी हवीत.

आई हसता हसता रडायला लागली. चारुतानं तिच्या गळ्यात हात टाकले. "वाट चांगली झाली, आई!" ती म्हणाली.

"वाट चांगली केली म्हन," आईनं तिचे केस विस्कटले. "आपोआप नही होत ती."

ते डबे परत आले ते यथावकाश, ठिबकचे दाणे भरून. चारुता आणि आई मुद्दाम बघायला गेल्या होत्या. तिसऱ्या डब्याचं दार उघडलं तर पोत्यांच्या वर एक छोटा पत्र्याचा डबा, दोरीनं नीट बांधलेला. आईनं झाकण काढलं. आत खजूर होते, मऊ आणि मधासारखे.

"हे कुणी पाठवलं?" चारुतानं विचारलं.

"व्यापाऱ्यानं," मुकादम म्हणाला. "मी काही मागितलं नाही. तिथल्या बंदराच्या यंत्रानं सारंगला विचारलं होतं, परत येणारे डबे भरलेले का हवेत. मी आपली रीत कळवली, शेजारणीची आणि साखरेची. ती तिथं पार व्यापाऱ्यापर्यंत पोचलेली दिसते."

आप्पांनी एक खजूर तोंडात टाकला आणि अगदी चवीचवीनं खाल्ला. त्यांच्या आईची गोष्ट समुद्र ओलांडून परत आली होती.

सकाळच्या निळ्या आभाळात फिकट चंद्र अजून रेंगाळत होता. चारुतानं मान वर केली. "आप्पा, चंद्रावरच्या वसाहतीला सामान घेऊन यानं जातात ना? ती परत येताना काय आणतात?"

"थोडे दगड," आप्पा म्हणाले. "एरवी रिकामीच येतात."

"रिकामी?"

पलीकडे एक क्रेन हवेत पंजा धरून थबकली.

"चारुताताई," मुकादम हळूच म्हणाला, "मी आत्ता मेंदूत एक नवं दार बसवतो आहे. जरा वेळ लागेल."

"बसव बाबा बसव," आई म्हणाली आणि तिनं खजूर पदरात ओतून तो पत्र्याचा डबा चारुताच्या हातात दिला. "चंद्राचं मागून पाहू. आधी पळत घरी जाय अन् यात केळ्याचे वेफर भरून आन. गाडी आज निघते, अन् शेजाऱ्याचा डबा रिकामा नही पाठवायचा."